सव्वीस मैल आणि वर थोडं

फ्रिजच्या दारावर सोळा आठवड्यांचा तक्ता,
एकशे बारा चौकोन.
त्यातल्या किती बरोबरच्या खुणा धावून केल्या
आणि किती नुसत्याच, चहा उकळेपर्यंत,
ते मला ठाऊक आणि दोरीला टांगलेल्या पेन्सिलीला.

जानेवारीत हलमध्ये चारलाच दिवस मिटतो.
लॅबमधल्या रात्रपाळ्या, डाव्या गुडघ्याची कुरकुर,
आणि हंबर नदीवरचा तो वारा,
तुम्ही कुठेही वळा, समोरूनच येणारा.
कारणं खरी होती सगळी.
खुणा तेवढ्या खोट्या.

स्टाफरूममध्ये बोलून गेले होते, "मीपण धावीन."
उचलली जीभ. पाय मागाहून यायचे होते.
मॉरीनने तिथल्या तिथे पाच पौंड काढले
किडनी वॉर्डाच्या डब्यासाठी,
आणि डब्यात पडलेलं नाणं परत मागता येत नाही.

पहिले सहा मैल मी दुसरीच कुणीतरी होते.
दाराशी खुर्च्या टाकून बसलेली माणसं
छातीवरचं नाव वाचून हाका मारत होती,
"कम ऑन, मृडानी!"
प्रत्येक दारात वेगळा उच्चार, सगळे चुकलेले,
आणि मी प्रत्येकाला ओ देत होते.
एका पोराने संत्र्याची फोड दिली, त्याच्या मुठीत गरम झालेली.

पूल पायाखाली थरथरतो हे गाडीतून कधी कळलं नव्हतं.
खाली नदी,
दूध कमी पडलेल्या चहाची.

चौदा मैल.
इथवर मी एकदाच आले होते, मार्चमध्ये,
आणि बसने परतले होते.
पंधराव्यापासून पुढचं सगळं परक्याचं अंगण.

एकोणिसाव्यावर न धावलेले रविवार आले.
फेब्रुवारीतला तो, गारांचा, रजईतला.
पाहुणे होते म्हणून सोडलेला.
पाहुणे येणार होते पण आले नाहीत, तरी सोडलेला.
एकेक करून सगळे उजव्या पोटरीत येऊन बसले
आणि गोळा झाला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी ते अंथरुणातच पसरले होते.

दिव्याच्या खांबाला धरून उभी असताना
फोमचा टेलिफोन बूथ घातलेला एक म्हातारा
मला मागे टाकून गेला.
आमच्या गावाचे बूथ लाल नसतात, सायीच्या रंगाचे असतात,
हाही तसाच. खिडकीतून घामाघूम तोंड.
थांबून म्हणाला, "कुणाला फोन करायचाय, लव्ह?"
हसले, आणि हसताना बरगडीत चमक निघाली.
करायचा होता खरं तर.

कारण बाविसाव्या मैलावर हेरंब उभा होता
अकरा वाजून चाळीस मिनिटांपासून.
तक्ता बघून त्याने हिशोब केला होता,
इंजिनिअर माणूस, खुणा मोजून.
मी पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता.
केळ्याची साल त्याच्या खिशातून डोकावत होती.
"एकच आणलं होतं," तो म्हणाला,
"वाट बघता बघता खाल्लं."
पुढे काही विचारलं नाही.
जॅकेट काखेत मारून
फुटपाथवरून माझ्या बरोबरीने चालू लागला,
आणि मी धावत होते.
आमचा वेग सारखाच होता.

कमान उतरवत होते.
घड्याळ आधीच व्हॅनमध्ये गेलं होतं.
एका बाईने पुठ्ठ्याच्या खोक्यात हात घालून
तळाशी चाचपून पदक काढलं,
फीत गुंतलेली होती, ती दातांनी सोडवली.

रात्री जिना उलटा उतरले, कठडा धरून,
एकेक पायरी, विहिरीत उतरावं तशी.
फ्रिजपाशी उभी राहिले.
शेवटचा चौकोन रिकामा.
पेन्सिल हातात घेतली.

मग दार उघडलं, आतला दिवा लागला,
तक्ता दाराबरोबर भिंतीकडे फिरला,
आणि मी कालचा वरणभात
गरम न करता,
ओट्याला टेकून खाल्ला, डब्यातूनच.